जुन्या खणांच्या टेबलावर वॉश बेसिन बसवायचंय, मदत हवी आहे (अर्जंट)

पाटीपेन्सिल:
आजीच्या वेळचं तीन खणांचं टेबल पडून आहे, एकदम दणकट. ते बाथरूमबाहेर ठेवून वर बेसिन बसवायचंय. प्लंबर परवा येतोय आणि म्हणतो भोक आधी पाडून ठेवा. किती इंचाचं पाडू? आणि लाकडाला पाणी लागू नये म्हणून काय लावू? नवीन घ्या असं प्लीज कोणी सांगू नका.

घरकोंबडा:
बेसिन वर ठेवायचं आहे की आत बसणारं, हे न सांगता भोक कसं सांगणार? आत बसणारं असेल तर खोक्यात बहुतेक कागदी साचा येतो, तो ठेवून आखा. वर ठेवायचं असेल तर फक्त वेस्टचं, म्हणजे पाणी खाली जायच्या पाइपचं भोक.

शिसवी:
नवीनच घ्या. नाहीतर त्या टेबलाचं टीव्ही युनिट करा, आमच्याकडे मस्त दिसतं.

तिरपागडा:
@शिसवी त्यांनी टीव्हीचं विचारलंच नाहीये.
भोकाचं नंतर, आधी उंची मोजा. बेसिनची वरची कड जमिनीपासून ३२ ते ३४ इंचावर बरी पडते.

पाटीपेन्सिल:
वर ठेवायचंच आहे, ५ इंच उंच. टेबल ३१ इंच. लाकूडच आहे हो!

तिरपागडा:
म्हणजे ३६ झाले, घरात लहान मुलं असतील तर पाय थोडे कापा. आणि लाकूडच म्हणजे काय? खण काढून मागून बघा, भुसा दाबलेली फळी असेल तर पाणी पिऊन फुगते आणि परत बसत नाही.

खटपट्या:
वर काच टाका, विषय संपला.

घरकोंबडा:
काचेखाली पाणी शिरलं की तिथेच अडकतं, लाकूड काळं पडतं. आणि टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, फुटते, आधीच पाडून घ्यावं लागतं. त्यापेक्षा पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिश) दोन-तीन हात द्या, बेसिनभोवती सिलिकॉन. भोकाच्या आतल्या कडेलाही पीयू लावाच, लाकूड पाणी ओढतं ते कापलेल्या कडेतूनच.

खटपट्या:
माझी काच इतकी वर्षं टिकलीये. पीयू सोलवटतं.

घरकोंबडा:
जुनं पॉलिश न घासता मारलं की सोलवटणारच. पण रंग खूप जुना असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, आणि मुलांना लांब ठेवा.

मधलीआळी:
खण एकाखाली एक आहेत की शेजारी शेजारी? बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा बाटलीसारखा वास अडवणारा भाग, खणातच येणार.

पाटीपेन्सिल:
एकाखाली एक. बापरे, मग वरचा खण गेलाच की.

मधलीआळी:
पूर्ण नाही. खणाला मागून यू आकारात कापा, पाइपच्या दोन्ही बाजूला ब्रश-कंगवा राहतो. नाहीतर पुढची फळी तेवढी फिक्स करा. पण वेस्ट पाइप भिंतीत किती उंचीवर जातो ते बघितलंय का, नाहीतर दुसरा खणही कापावा लागेल.

पाटीपेन्सिल:
ते नाही बघितलं. पण भोकाचा साइज कोणी सांगेल का??

तिरपागडा:
बेसिनच्या तळाचं भोक मोजा, बहुतेक पावणेदोन इंचाच्या आसपास असतं, तेवढंच किंवा किंचित मोठं. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावा, पटाशीने कोरत बसू नका.

शिसवी:
टेबलाला पितळी मुठी आहेत का? काढणार असाल तर मला हव्यात.