मृगातला तेजोमेघ दुर्बिणीत पांढरा दिसतो, म्हणून आमचे फोटो खोटे?

पूर्वाषाढा (धागाकर्ती)

परवा आकाशदर्शनाच्या धाग्यावर 'जुना_दुर्बीणवाला' यांचा एक प्रतिसाद आला आणि त्यावर लोकांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सारांश: काकांनी शाळेतल्या मुलांना एम४२, म्हणजे मृगातला तेजोमेघ (चमकत्या वायूचा ढग), दाखवला. एक मुलगी डोळा लावून म्हणाली, "काका, हा तर धूर आहे. रंग कुठेत?" आणि हिरमुसून बाजूला झाली. दोष कुणाचा? आमचा. "या फोटोवाल्यांनी फोटोशॉपात रंग भरभरून पोरांच्या नजरेची वाट लावली. हबलचे ते हिरवे-सोनेरी खांब म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. डोळ्यांना दिसतं ते खरं, बाकी सगळं रंगकाम."

काका, तुम्ही स्वतः आरसा घासून दुर्बीण केलीत, त्याबद्दल साष्टांग नमस्कार. पण "डोळ्यांना दिसतं ते खरं" हे वाक्य डोक्यात गेलं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

अंधारात आपण बघतो ते डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशींनी. त्यांना रंग कळत नाहीत. त्यांची संवेदनक्षमता ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जास्त, आणि हायड्रोजनचा जो लाल प्रकाश ६५६ वर आहे तिथे जवळपास शून्य. म्हणजे तुम्ही दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ बघता तेव्हा तुम्हाला मुख्यतः ऑक्सिजनचा ५०१ चा प्रकाश दिसतो, तोही रंगाविना. हायड्रोजनचा लाल प्रकाश तुमच्या डोळ्यात शिरतो आणि वाया जातो. आता खरं काय? तेजोमेघ की तुमचा डोळा?

"जवळ गेलं तर रंग दिसतील" हाही भ्रम. पसरलेल्या वस्तूची पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड, अंतराने बदलत नाही, आणि कुठलीही दुर्बीण ती वाढवू शकत नाही. फक्त आकार मोठा दिसतो. साडेतेराशे प्रकाशवर्षं प्रवास करून एम४२च्या दारात उभे राहिलात तरी फिकट ढगच दिसेल, आकाशभर पसरलेला.

हबलच्या खांबांबद्दल. १९९५ मध्ये हेस्टर आणि स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघाचा तो फोटो तीन फिल्टरमधून घेतला: गंधक, हायड्रोजन, ऑक्सिजन. गंधक ६७२, हायड्रोजन ६५६, दोन्ही लालच. जसेच्या तसे ठेवले तर एकाच लाल चिखलात दोन्ही बुडाले असते आणि कुठला वायू कुठे संपतो हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. म्हणून सगळ्यात लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा, आखूडला निळा. याला नियम म्हणतात, रंगकाम नाही. सोनोग्राफीच्या प्रिंटमध्ये बाळ तांबूस-पिवळं दिसतं, म्हणून बाळ खोटं का?

जुना_दुर्बीणवाला

ताई, धडा उत्तम घेतलात. दंडपेशी मी बाविशीत असताना वाचल्या होत्या, उजळणी झाली.

आता माझा एक धडा ऐका. १९८९ला व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेलं. फोटो आले, गडद निळा गोळा. मी वर्षानुवर्षं फळ्यावर निळ्या खडूने नेपच्यून काढला. २०२४ला ऑक्सफर्डचे पॅट्रिक अर्विन आणि मंडळी सांगतात की तो निळा वाढवलेला होता. नेपच्यून आणि युरेनस जवळजवळ सारखेच फिकट हिरवट-निळे आहेत, नेपच्यून किंचित जास्त निळा इतकंच. पस्तीस वर्षं! तुमच्या "नियमाने" माझे किती विद्यार्थी गंडले?

आणि इथे तर दंडपेशींची सबबही चालत नाही. नेपच्यूनवर ऊन पडतं. तिथे रंग खरा दाखवता आला असता.

सॅनहोजेकर

काका, अर्धवट सांगताय. व्हॉयेजरच्या त्या फोटोंबरोबर तेव्हाच लिहिलेलं होतं की ढगांचे पट्टे दिसावेत म्हणून रंग वाढवलेत. पुढे पुस्तकवाल्यांनी फोटो घेतला आणि खालची ओळ टाकून दिली. इमेज प्रोसेसिंग हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगतो: "मूळ रंग" नावाची चीज कुठल्याच कॅमेऱ्यात नसते. सेन्सरवरच्या बेयर जाळीत (पिक्सेलवरच्या रंगीत फिल्टरांची जाळी) लाल किंवा निळ्याच्या दुप्पट हिरवे पिक्सेल असतात, पुढचं सगळं गणित. साध्या डीएसएलआरमधला फॅक्टरी फिल्टर हायड्रोजनचा लाल बहुतांश गाळून टाकतो. म्हणून तर पूर्वाषाढासारखे लोक कॅमेरा उघडून तो फिल्टर काढून घेतात.

देवगडचा_दादू

तुम्ही रंगावरून भांडताय, आमच्याकडे काळा रंगच शिल्लक नाही.

गावात देवळासमोर हाय-मास्ट, म्हणजे उंच खांबावरचा दिव्यांचा झुबका, बसला. चार बाजूंना चार फ्लडलाइट, तोंडं सगळी वर. कासवाला रात्र कळत नाही, माणसाला कळत नाही. आधी सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा बराचसा उजेड ५८९च्या आसपास, फिल्टर लावून तरी बराच कापता यायचा. हा पांढरा एलईडी सगळ्या पट्ट्यात पसरतो. कापणार काय, कप्पाळ? ग्रामसभेत विचारलं तर म्हणाले, "विकास नको का?"

प्रेसवाला_सांगली

हबल-नासा मला कळत नाही, पण कॅलेंडरचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आम्ही एका गिऱ्हाइकाचं तेजोमेघांचं कॅलेंडर छापलं होतं. फाइलमध्ये काळं आकाश म्हणजे चारही शाया फुल. कागद सुकेना, एका पानाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उमटायला लागली. शेवटी काळं कमी केलं. लाल ढग प्रूफमध्ये विटकरी आला तर साहेब म्हणाले, "जरा गुलाबी मारा, उठाव येत नाही." मारला मॅजेंटा. ते कॅलेंडर अजून कुठल्या तरी शाळेत लटकत असेल. त्याला शास्त्रज्ञ जबाबदार नाहीत हो, मशीनवर मी होतो.

जुना_दुर्बीणवाला

प्रेसवाले, या धाग्यावरचा पहिला प्रामाणिक माणूस!

अवकाळी

रंगाचं राहू द्या, तो वाद शाळकरी आहे. डिटेलचं बोला.

पूर्वाषाढा यांनी मे महिन्यात एम१६ (तोच खांबांचा गरुड तेजोमेघ) टाकला होता. ८० मिलिमीटरची दुर्बीण, पुण्यातली गच्ची. ८० मिलिमीटरची सैद्धांतिक मर्यादाच साधारण पावणेदोन आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक), वर आपल्याकडची हवा दोन-तीन आर्कसेकंदांनी तारे थरथरवणार. त्यांच्या फ्रेममध्ये अख्खा खांब जेमतेम सत्तर-ऐंशी पिक्सेल उंच. आणि तरी टोकाला वायूचे ते बारीक धागे, कडेला ती सुरीसारखी धार! कुठून आली? ब्लरएक्सटर्मिनेटर. बटण दाबलं की एआय डिटेल काढून देतं. रंग नियमाने दिलेत म्हणता, डिटेल कुठल्या नियमाने?

पूर्वाषाढा

वाटच बघत होते. डीकॉन्व्होल्यूशन, म्हणजे पसरट झालेला फोटो गणिताने परत आवळणं, काल जन्मलेलं नाही. हबलचा आरसा चुकीचा घासला गेला होता, १९९३च्या डिसेंबरात दुरुस्ती होईपर्यंत शास्त्रज्ञ रिचर्डसन-ल्यूसी पद्धत वापरून फोटो धारदार करत होते. ती पद्धत सत्तरच्या दशकातली. तारा हा बिंदू असतो हे आपल्याला माहीत आहे. तो फोटोत किती पसरला त्यावरून बाकीचा फोटो किती पसरला ते कळतं, आणि ते उलटं फिरवायचं. हे सॉफ्टवेअर तेच छोट्या छोट्या तुकड्यांत करतं. "बटण दाबलं की" म्हणणाऱ्यांनी एकदा रात्रभर गच्चीवर बसून डास मारत गायडिंग (दुर्बीण ताऱ्यावर अचूक रोखून धरणं) सांभाळून दाखवावं.

अवकाळी

डास मारल्याने डिटेल खरं ठरत नाही. रिचर्डसन-ल्यूसीला स्मरणशक्ती नव्हती. समोरच्या आकड्यांपलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. न्यूरल नेटवर्क हजारो सुंदर फोटो बघून शिकलेलं असतं, त्याला "तेजोमेघ कसा दिसायला हवा" हे पाठ असतं. २०२३मधलं मोबाइलच्या चंद्राचं प्रकरण आठवा. एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो मॉनिटरवर लावला, खोलीत अंधार करून फोनने त्याचा फोटो काढला, तर फोनने मूळ चित्रात नसलेली विवरं काढून दिली! तुमच्या खांबावरची धार त्याच जातीची.

सॅनहोजेकर

जात एक नाही. फोनला "हा चंद्र आहे" हे ओळखता येत होतं. इथे सॉफ्टवेअर वस्तू ओळखत नाही, पसरट आकार आकुंचित करतं. तपासायचं असेल तर सोपं आहे: पूर्वाषाढाचा फोटो हबलच्या फोटोवर बसवा. धागे जुळले तर खरे, नाही जुळले तर थापा.

अवकाळी

वा रे इंजिनियर! ज्या हबलच्या फोटोंवर नेटवर्क शिकलं असण्याची शक्यता आहे, त्याच फोटोशी जुळवून पास करायचं? पेपर फुटलेल्या मुलाला पैकीच्या पैकी. तपासायचं तर जगात कुणी नीट काढलेला नाही असा एखादा फडतूस तेजोमेघ घ्या.

सॅनहोजेकर

...हा मुद्दा बरोबर आहे. सूर वाईट आहे, पण मुद्दा बरोबर आहे.

पूर्वाषाढा

प्रामाणिकपणाच्या गप्पा कोण मारतंय बघा! अवकाळी, जानेवारीत तुम्ही जो कॅरिना तेजोमेघ टाकलात आणि इथे सगळ्यांनी "व्वा दादा, कुठून काढलात" केलं, तो चिलीतल्या भाड्याच्या दुर्बिणीचा डेटा होता. तासाप्रमाणे पैसे भरायचे, सकाळी फाइल उतरवायची. स्वतःची मान एकदाही वर केली नाहीत!

अवकाळी

मी लिहिलं होतं "डेटा भाड्याचा".

पूर्वाषाढा

लिहिलंत, कुणीतरी तिसऱ्या पानावर विचारल्यावर.

अवकाळी

आणि तुम्ही ब्लरएक्सटर्मिनेटरचं नाव कुठल्या पानावर लिहिलंत ते सांगा. मी शोधलं, धागा संपला तरी सापडलं नाही. माझ्या फोटोत निदान जे आहे ते खऱ्या आकाशातून आलंय, स्वच्छ हवेतून, मोठ्या आरशावर. गच्चीवर कोण बसलं यावरून फोटोनचं खरेखोटेपण ठरतं का?

देवगडचा_दादू

चिलीत हाय-मास्ट नाहीत. एवढंच सांगतो आणि गप्प बसतो.

तसं पेंच २०२४ला डार्क स्काय पार्क झालं, आपल्या महाराष्ट्रात, भारतातलं पहिलं. म्हणजे दिवे खाली वळवता येतात हे सरकारला कळतं. फक्त वाघांसाठी कळतं.

जुना_दुर्बीणवाला

गप्प बसतो म्हणून परत दोन ओळी! दादू, तुमच्याशी मात्र शंभर टक्के सहमत. वांगणीला पूर्वी आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसायची, आता मुंबईचा उजेडच वर चढतो.

बाकी मंडळी, तुमचं भांडण वाचून माझंच म्हणणं सिद्ध झालं. रंग नियमाने, डिटेल यंत्राने, डेटा भाड्याने. यात बघितलं कुणी?

पूर्वाषाढा

काका, "बघितलं कुणी" याचं उत्तर देते. देवयानी दीर्घिका, एम३१. आकाशातली सगळ्यात जास्त फोटो काढली गेलेली दीर्घिका असेल. तुमच्यासारख्यांनी डोळ्यांनी बघितली, मोठमोठ्या वेधशाळांनी बघितली. आकाशात तिच्या शेजारी ऑक्सिजनची एक भलीमोठी कमान दिसते, ती कुणाला दिसली? ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंती या हौशी लोकांना. ऑक्सिजनचा फिल्टर लावून तासन्‌तास प्रकाश गोळा केला, तो वेगळ्या रंगात मांडला आणि निळी कमान समोर आली. त्यांनी लगेच गाजावाजाही केला नाही. दुसऱ्या दुर्बिणींमधून, दुसऱ्या कॅमेऱ्यांनी ती पुन्हा दिसते का हे आधी तपासलं. २०२३च्या सुरुवातीला व्यावसायिक शास्त्रज्ञांबरोबर शोध छापून आला. हे रंगकामातूनच झालं, काका.

अवकाळी

उत्तम उदाहरण, आणि माझ्या बाजूचं. त्यांनी दुसऱ्या दुर्बिणीने तपासलं. तुम्ही दुसऱ्या दुर्बिणीने तपासलेत का ते धागे?

रानवाटा

पॉपकॉर्न संपले. कुणीतरी ८० मिलिमीटरची दुर्बीण केवढ्याला मिळते ते सांगेल का? मुलाला घ्यायची आहे.

देवगडचा_दादू

आधी घराभोवतीचे दिवे मोजा, मग दुर्बीण घ्या.

जुना_दुर्बीणवाला

रानवाटा, मुलासाठी फोटोची दुर्बीण नकोच. साधी सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्या, किंवा माझ्याकडे या, आरसा घासायला शिकवतो.

पूर्वाषाढा, कमानीची गोष्ट मला माहीत नव्हती. चांगली आहे. तरी हबलचं कॅलेंडर मी भिंतीवर लावणार नाही. मात्र एक करता येईल: तुमच्या गंधक-हायड्रोजन-ऑक्सिजनचे तीन वेगवेगळे काळे-पांढरे फोटो मला पाठवा. दुर्बीण दाखवून झाली की मुलांनाच सांगतो, कुठल्याला कुठला रंग द्यायचा ते ठरवा. बघू, तुमच्या नियमापर्यंत किती जण पोचतात.

पूर्वाषाढा

पाठवते. गंधक नाही माझ्याकडे, माझा दोन पट्ट्यांचा फिल्टर आहे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. दोन चालतील ना?

आणि अवकाळी, तुमच्या समाधानासाठी एम१६चा मूळ स्टॅक, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून झालेली फाइल, आत्ता ड्राइव्हवर टाकलाय. ना रंग, ना धार, ना स्ट्रेच (अंधुक भाग उजळवणं). धागे त्यात आहेत का ते स्वतः बघा. यापुढे फोटोखाली फिल्टर, रंगांची वाटणी आणि सॉफ्टवेअर, तिन्ही लिहीन. तुम्ही "भाड्याने" हा शब्द पहिल्या ओळीत लिहा.

अवकाळी

लिहीन.

उतरवला. मधल्या खांबाचं टोक धूसर आहे, पण वळण आहे, हे मान्य. डावीकडचे दोन धागे मला मूळ स्टॅकमध्ये कुठेही दिसत नाहीत. दोनशे टक्के मोठं करून बघितलं.

पूर्वाषाढा

डावीकडचा वरचा आहे. नीट स्ट्रेच करा. खालच्याबद्दल मीही पैज लावणार नाही.

अवकाळी

आणि हे कोपऱ्यात धुळीचं वर्तुळ काय आहे? फ्लॅट्स, म्हणजे असे डाग काढायला घेतात ते कोऱ्या उजेडाचे फोटो, घेतलेच नाहीत का?

पूर्वाषाढा

घेतलेत, सकाळच्या आकाशावर टी-शर्ट ताणून. ते वर्तुळ त्याच रात्री फिल्टर फिरवला म्हणून उरलंय. फ्लॅट्सवर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, हा चारशे प्रतिसादांवर न्यायची माझी इच्छा नाही.

अवकाळी

काढला. 'टी-शर्टने घेतलेले फ्लॅट्स चालतात का?' या तिकडे.