‘व्यस्त टॅन’ म्हणजे १ भागिले टॅन का? आणि ‘लगतची बाजू’ नेमकी कोणती?

जिज्ञासू: काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू दिल्यात, ३ आणि ४, कोन काढायचाय. टॅन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले लगतची, एवढं माहीत आहे. उत्तरात ‘व्यस्त टॅन घ्या’ एवढंच लिहिलंय. ३/४ चा व्यस्त ४/३, मग कोन १.३३ अंश? शिवाय कोनाला लागून तर दोन बाजू असतात, त्यातली ‘लगतची’ कुठली?

गुण्या: घोळ ‘व्यस्त’ या शब्दाचा आहे. शाळेत ‘गुणाकार व्यस्त’ आधी येतो, म्हणून डोक्यात तोच बसतो. इथे व्यस्त म्हणजे उलट प्रश्न: कोणत्या कोनाचा टॅन ०.७५ येतो? उत्तर ३६.८७ अंश. कॅल्क्युलेटरवर शिफ्ट दाबून टॅन. टॅनच्या डोक्यावरचा उणे एक हा घात नव्हे. ते चिन्ह ज्याने रूढ केलं त्याने पोरांचं नुकसानच केलं.

कर्ण काटकोनासमोरची बाजू, ती ठरलेली. उरलेल्या दोघींची नावं मात्र कोनाप्रमाणे बदलतात. कौलारू छपराचं पाहा: भिंतीपासून आढ्याच्या खालच्या बिंदूपर्यंत आडवं अंतर ४ मीटर, आढ्याची उंची ३ मीटर, वासा ५ मीटर. भिंतीकडच्या कोनासाठी ३ संमुख म्हणजे समोरची, ४ लगतची, कोन ३६.८७. आढ्याकडच्या कोनासाठी तीच ४ संमुख होते, कोन ५३.१३. वाशाचं टोक आढ्याला उभं टेकवायचं तर काप वाशाच्या लांबीशी ५३.१३ चा लागतो. तिथे ३६.८७ धरला की फट राहते.

कोनमापक: छपरात आणखी एक चकवा आहे. वासा भिंतीबाहेर वळचणीपर्यंत जातो. अख्खा वासा मोजून ५.६ मीटर आला आणि तोच कर्ण धरला, तर ३/५.६ चा व्यस्त साइन (साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण) ३२.४ अंश देतो. साडेचार अंशांची चूक! त्रिकोणाच्या कोपऱ्यापासूनच मोजा.

उत्तर ०.६४ आलं तर यंत्र अंशांऐवजी रेडियन या एककात आहे, ४०.९७ आलं तर ग्रेडियनमध्ये (काटकोनाचे १०० भाग). एक्सेलचं ‘एटॅन’ नेहमी रेडियनच देतं, त्यावर ‘डिग्रीज’ लावा. व्यस्त साइन किंवा व्यस्त कोसाइनला (कोसाइन म्हणजे लगतची भागिले कर्ण) ‘मॅथ एरर’ आली तर बहुतेक वेळा अपूर्णांक उलटा पडलेला असतो: ५/३. कर्ण छेदात.

जिज्ञासू: मग ‘व्यस्त’ऐवजी दुसरा शब्द नाही का?

अर्धज्या: आहे, आणि जुना आहे: चाप. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आजच्या साइनचं जुनं रूप; चाप म्हणजे धनुष्य, इथे कोन. ज्या देऊन चाप काढणे, झालं. फक्त जुनी ज्या गुणोत्तर नव्हती, लांबी होती. आर्यभटाच्या सारणीत २२५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने २४ ज्या येतात आणि त्रिज्या ३४३८ कला. तुमचाच कोन त्यातून काढू. ३/५ × ३४३८ = २०६२.८. नववी ज्या १९१०, दहावी २०९३, फरक १८३. आपण नववीच्या १५२.८ पुढे आहोत, म्हणजे १५२.८/१८३ × २२५ = १८७.९ कला. त्यात ९ × २२५ = २०२५ मिळवा: २२१२.९ कला. ६० ने भागा, ३६.८८ अंश.

गुण्या: शंभरावा भाग इकडेतिकडे. सुताराला चालेल!