अमिओडॅरोन बंद केल्यावरही जपा
एकांनी विचारलंय, बाबांची अमिओडॅरोन (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी गोळी) थांबवून तीन आठवडे झाले, आता वॉरफरिनचा (रक्त पातळ ठेवणारं औषध) डोस पहिल्यासारखा वाढवू का? परस्पर मुळीच नको. अमिओडॅरोन चरबीत साठतं, अंगातून निघायला महिने लागतात. तोवर वॉरफरिनचा जोर वाढलेलाच राहतो आणि रक्तस्रावाची भीती असते. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघूनच डॉक्टर ठरवतील.

थायरॉइडचंही तसंच. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं (रोजची गरज जेमतेम ०.१५!), आणि जास्तीच्या आयोडीनने थायरॉइड बिघडू शकतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) अजून काही महिने तपासत राहा.

आणि कोरडा खोकला लागला, जिना चढताना धाप लागली, तर ‘हवा बदललीय’ म्हणत आलं-मध चाटवत बसू नका. अमिओडॅरोनमुळे फुफ्फुसांना सूज आलेली असू शकते, लगेच दाखवा.