सोलापूरकडे वस्तीसाठी रान घेताना : अनुभव धागा

जमीन मोजणीचं काम करणारे
सातबारा कोरा दिसला म्हणून इसार देऊ नका. शेतजमीन घ्यायला आधी आपल्या नावे शेतकरी दाखला लागतो. मग सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलीय, ते पाहा. वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींवरची जमीन, असेल तर परवानगीशिवाय खरेदी होत नाही. उजनी धरणाच्या पट्ट्यात सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात पुनर्वसनाचा शेरा सापडतो, आणि नान्नजच्या बाजूला माळढोक अभयारण्याचे निर्बंध. वाटेचं तर सातबाऱ्यावर काहीच कळत नाही. गटनकाशावर दोन तुटक रेषा असतील तर गाडीवाट. नसेल, तर आज ज्या बांधावरून तुम्ही रान बघायला गेलात ती शेजाऱ्याची मेहेरबानी समजा. वाट खरेदीखतात चतुःसीमेसह लिहून घ्या. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली वाट मागता येते, पण त्यात वेळ जातो आणि शेजार कायमचा तुटतो.

द्राक्षबागायतदार, पंढरपूर तालुका
ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी दिवसाआड फवारणी असते, तीही पहाटे, वारा पडलेला असताना. फवारणीच्या ब्लोअर यंत्राचा आवाज येणार. थंडीत वारा बहुधा ईशान्येकडून वाहतो, म्हणून बागेच्या नैऋत्येला घर बांधू नका. पाण्याची टाकी झाकलेलीच हवी. बेदाण्याचं शेड जवळ असेल तर गंधकाच्या धुरीचा वास विचारात घ्या. बाग आधीपासून आहे, फवारणी थांबवा म्हणणं रास्त नाही.

ऊसवाले, माळशिरस
गाळपाच्या हंगामात रात्रभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात. कुंपणाचा कोपरा पाणंदीवर आणलात तर ट्रॉली वळताना पहिला खांब तोच जाईल. तोड झाली की पाचट पेटवतात, काजळी अंगणात येते.

मोटारी, डीपी (ट्रान्सफॉर्मर) दुरुस्त करणारे
शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) थ्री फेज साधारण 8 तास, कधी दिवसा कधी रात्री. रात्रपाळी आली की शेजारची माणसं बॅटऱ्या घेऊन तुमच्या बांधावर असतील. घराची जोडणी गावठाणच्या फीडरवरून मिळते का, खांब किती लागतील, हे आधी विचारा. विहीर सामाईक असेल तर हिस्सा आणि पाळीचे वार दोन्ही लिहून हवेत. नुसता हिस्सा लिहिला की एप्रिलमध्ये भांडण ठरलेलं.

बांधकाम मिस्त्री
काळ्या रानात पाया मुरूम लागेपर्यंत न्या. वरच्यावर बांधलं तर उन्हाळ्यात भेगाळलेली माती पावसात फुगते आणि भिंत दाराच्या कोपऱ्यातून तडकते. इसाराआधी रानात एक खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा, पायाचा खर्च तिथेच कळतो.