ढोल-सरावाच्या गाड्या आणि पेट्रोलचा भाव

प्रेषक: मेघना (सचिव)
रविवार, १२ जून २०२२

मंडळी, नमस्कार.

गणपती यंदा ३१ ऑगस्टला आहेत. ढोल-ताशाचा सराव पुढच्या शनिवारपासून सुरू करतोय. फिलाडेल्फियाच्या बाजूला हॉल मिळाला नाही, त्यामुळे यंदा नदीपलीकडे, न्यू जर्सीत. पेनसिल्व्हेनियातल्या अर्ध्या पथकाने दर आठवड्याला एवढ्या लांब येणं परवडत नाही असं कळवलंय. कालच अमेरिकेत पेट्रोलची सरासरी गॅलनला ५ डॉलरवर गेली, तेव्हा त्यांना नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही.

कोण कोणाला गाडीत घेऊ शकेल ते लिहा. ज्यांच्या गाडीत मोठा ढोल मावतो त्यांनी तेही लिहा. मंडळाने पेट्रोलचे पैसे द्यावेत अशी सूचना आली आहे. अविनाशदादा, जमेल का?

मेघना

---

प्रेषक: अविनाश (खजिनदार)
सोमवार, १३ जून

जमेल, पण बेताने.

९ जूनला आयआरएसने (इथल्या आयकर खात्याने) धंद्याच्या कामासाठी गाडी वापरण्याच्या खर्चाचा दर मैलाला ५८.५ सेंटवरून ६२.५ केला, १ जुलैपासून. ते वाचून दोघातिघांचे फोन आले की आता मंडळही तेवढेच देणार ना. नाही देणार. आपली ना-नफा संस्था. सेवाभावी कामाला मैलाला १४ सेंट, आणि तो दर आयआरएसच्या हातातच नाही. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायद्यात लिहून ठेवलाय, १९९८ पासून जागचा हललेला नाही. त्या साली गॅलन डॉलरभराला मिळायचं. आज २५ मैलांचं अॅव्हरेज देणारी गाडी मैलाला २० सेंटचं नुसतं पेट्रोल पिते.

तेव्हा मैल मोजत बसू नका, पंपाची पावती आणा. प्रत्यक्ष झालेला खर्च भरून देता येतो. पावती नसेल तर पैसे नाहीत, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

अविनाश

---

प्रेषक: संजय
सोमवार, १३ जून

खजिनदारसाहेब, टोलचं काय? जर्सीला जाताना फुकट आणि पेनसिल्व्हेनियात परतताना बेंजामिन फ्रँकलिन पुलावर ५ डॉलर. लोक म्हणतात जर्सीत भरून या, तिथे टॅक्स कमी. हिशेब केलाय मी. पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स गॅलनला ५७.६ सेंट, जर्सीचा ४२.४. पंधरा गॅलनची टाकी भरली की सव्वादोन डॉलर वाचतात, आणि ते वाचवून घरी यायला पाच मोजायचे! जर्सीत पेट्रोल भरायला माणूस येतो, आपल्याला खाली उतरावं लागत नाही, एवढीच काय ती चैन.

आणि एक बोलतोच. जगातली सगळ्यात श्रीमंत महासत्ता, जमिनीखाली स्वतःचं तेल, आणि आपण रेकॉर्ड भाव मोजतोय. भारतात तरी सरकारने मागच्या महिन्यात कमी केले.

संजय

---

प्रेषक: रोहिणी
मंगळवार, १४ जून

नमस्कार. २०१९ ला जर्मनीत न्यूरेम्बर्गला आले तरी मला या ईमेल-लिस्टमधून कोणी काढलेलं नाही आणि मीही निघालेले नाही, त्यामुळे तुमची भांडणं अजून वाचते.

संजय, तुझे ५ डॉलर लिटरमध्ये कर. एक डॉलर ३२ सेंट. आजच्या भावाने १०३ रुपये. मुंबईत केंद्राने मे महिन्यात उत्पादन शुल्क ८ रुपयांनी उतरवल्यावरही १११ रुपये आहे. म्हणजे तू ज्याला रेकॉर्ड म्हणतोस त्यापेक्षा मुंबईचा रिक्षावाला सोड, स्कूटरवाला जास्त देतोय, आणि त्याचा पगार डॉलरमध्ये नाही. मी इथे १ युरो ९० सेंटच्या वर देते. तुझ्या मापात गॅलनला साडेसात डॉलर, आणि हा सवलतीतला भाव आहे.

पण तुझी आरडाओरड खोटी आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत पेट्रोलवर टॅक्स इतका थोडा की कच्चं तेल चढलं की ते जवळजवळ सगळं पाटीवर दिसतं. वर्षभरापूर्वी तुम्ही ३ डॉलर देत होतात, आता ५. इथे लिटरमागे ६५ सेंट ऊर्जाकर ठरलेला, त्यावर कार्बनचा आकार आणि मग सगळ्यावर १९ टक्के व्हॅट, म्हणजे टॅक्सवरही टॅक्स. आम्हाला पेट्रोल स्वस्त कधी दिसतच नाही, म्हणून महाग झालं तरी उडी तेवढी मोठी दिसत नाही. लोकांनी घर कुठे घ्यायचं, गाडी केवढी घ्यायची हे त्या महाग भावावरच ठरवलेलं असतं. तुमच्याकडे सगळं गाव स्वस्त पेट्रोल धरून बांधलंय. दूध आणायला गाडी.

१ जूनपासून तीन महिने सरकारने दोन गोष्टी केल्यात. एक, पेट्रोलवर व्हॅट धरून साधारण ३५ सेंट माफ, डिझेलवर १७. याला इथे टांकराबाट म्हणतात. १ तारखेला पंपावर रांगा, भाव खाली. मग हळूहळू परत वर. तेल कंपन्यांनी खिशात घातले की बाजारच चढला यावर रोज टीव्हीवर चर्चा, आणि स्पर्धेवर लक्ष ठेवणारं कार्टेल ऑफिस चौकशीला लागलंय. दुसरी गोष्ट भारी. महिन्याला ९ युरोचं तिकीट, त्यात देशभर लोकल, बस, ट्राम, मेट्रो, रिजनल गाड्या. फक्त आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. शनिवार-रविवारी डब्यात पाय ठेवायला जागा नसते, विरार लोकल आठवते.

माझी शेजारीण मात्र नर्स आहे, गावाबाहेरच्या हॉस्पिटलात पहाटेची पाळी. त्या वेळी बसच नाही. तिला ९ युरोचं तिकीट फुकट दिलं तरी उपयोग शून्य. ती संध्याकाळी सातनंतर पेट्रोल भरते, कारण इथे भाव दिवसातून कितीतरी वेळा बदलतात आणि सकाळी सगळ्यात महाग असतात. २०१३ पासून प्रत्येक पंपाला भाव सरकारी यंत्रणेला लगेच कळवावा लागतो, म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर ते अॅप. माझा नवरा घरी आल्यावर आधी ते अॅप बघतो, मग माझ्याकडे.

रोहिणी

---

प्रेषक: निखिल
मंगळवार, १४ जून

शारजाहून थोडक्यात. इथे २०१५ च्या ऑगस्टपासून भाव जागतिक बाजाराला बांधलेत, महिनाअखेरीला पुढच्या महिन्याचा जाहीर होतो. जानेवारीत सुपर ९८ लिटरला २.६५ दिरहम होतं, जूनमध्ये ४.१५. तुमच्या हिशेबात गॅलनला सव्वाचार डॉलरच्या वर. "तुमच्याकडे तर तेल फुकट असेल" हे वाक्य प्रत्येक भारतवारीत ऐकावं लागतं. शारजात भाडं कमी म्हणून राहायचं आणि नोकरीला दुबईला, वर सालिकचा टोल. मे महिन्याच्या शेवटच्या रात्री पंपावर एवढी रांग होती की रांगेत एसी चालू ठेवून लोकांनी वाचवलेलं तिथेच जाळलं असेल.

---

प्रेषक: मेघना (सचिव)
बुधवार, १५ जून

चर्चा छान चालली आहे, पण गाडीत ढोल मावतो असं अजून एकानेही कळवलेलं नाही.

---

प्रेषक: प्रशांत
गुरुवार, १६ जून

आमचे आबा परभणीहून महिन्यापूर्वी आलेत. लिस्ट वाचून दाखवली तर म्हणाले, लिहून घे. त्यांच्याच शब्दांत:

"सर्वांना नमस्कार. रोहिणीताईंनी मुंबईचा भाव सांगितला. परभणीचा मुंबईपेक्षा नेहमी चढा असतो, पेपरात दर वेळी आमचंच नाव येतं. व्हॅट मुंबई-ठाण्याला २६ टक्के, आम्हाला २५, तरी आम्हीच महाग. कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतो, तीनशे किलोमीटरच्या घरात. त्याचं भाडं आमच्या लिटरात.

संजयराव म्हणतात सरकारने कमी केले. वाढवले कसे तेही ऐका. नोव्हेंबरपासून भाव एका जागी. रोज सकाळी भाव बदलायची पद्धत २०१७ पासून आहे, पण पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, तर चार-साडेचार महिने काटा हलला नाही. तिकडं युद्ध सुरू झालं, तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी नाही. १० मार्चला निकाल लागला. २२ मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ, लिटरला १० रुपये. मुंबईत १२० झाले, आमचं विचारू नका. मग मे महिन्यात ८ कमी केले, त्याच्या जाहिराती.

मला स्वतःला पेट्रोल फारसं लागत नाही, मोटरसायकल आहे. आम्हाला मारतं ते डिझेल. बैल आता गावात मोजके. नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरनं. ट्रॅक्टरवाला वाढ झाल्या दिवशी दर वाढवतो, एकरी चारशे कधी वाढले कळलंही नाही. त्याचं चूक नाही, त्याला डिझेल रोखीत घ्यावं लागतं. सोयाबीन विकताना मात्र मोंढ्यात भाव अडता सांगतो, तिथं माझ्या डिझेलची पावती कोण बघतं. डिझेल उतरलं म्हणून नांगरणी उतरल्याचं मी अजून पाहिलं नाही.

आणि गाडी नसणाऱ्याला पेट्रोलशी काय करायचं असं समजू नका. दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप लागला तो एप्रिलला मिटला. तेवढे महिने जीप आणि काळी-पिवळी. सीट वाढवून आणि भाडंही वाढवून. कॉलेजच्या पोरींचं येणं-जाणं त्यात बंद पडलं. पंपावर कधी न गेलेल्या माणसाच्या खिशातून पेट्रोलचे पैसे गेले."

आबा एवढं बोलून चहा प्यायला गेले. टायपिंगच्या चुका माझ्या.

प्रशांत

---

प्रेषक: विलास
शुक्रवार, १७ जून

आबासाहेबांना नमस्कार. त्यांचा ट्रॅक्टरवाला वाढ गिऱ्हाइकावर टाकू शकतो, मी तेवढंही करू शकत नाही. बऱ्याच जणांना माहीत आहे, रिटायर झाल्यापासून संध्याकाळी अॅपवर टॅक्सी चालवतो. भाडं अॅप ठरवतं. मार्चमध्ये कंपनीने मोठ्या मनाने फेरीमागे ५५ सेंटचा इंधन आकार सुरू केला. फेरी दोन मैलांची असो की तीस मैलांची, ५५ सेंट.

माझी कॅमरी शहरात २८ देते. शंभर मैलांना साडेतीन गॅलन, म्हणजे गेल्या वर्षी ११ डॉलर, आता १८. गिऱ्हाईक गाडीत असतानाचे मैल सगळे मोजतात. त्याला बक्स काउंटीत सोडून रिकामा परत येतो ते मैल कोणीच मोजत नाही. आता लांबची फेरी आली की मी आधी बघतो की उतरायचं ठिकाण कुठे आहे. जिथून परतीचं भाडं मिळणार नाही तिथे जात नाही. त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडून घरी न्यायला कोणी येत नसेल, तर त्याचंही कारण हेच.

मोठा ढोल डिकीत मावतो. मागची सीट पाडली तर दोन.

विलास

---

प्रेषक: संजय
गुरुवार, २३ जून

काल बायडेन यांनी काँग्रेसला सांगितलं, तीन महिने फेडरल टॅक्स माफ करा. रोहिणी, आता बोल. आम्हालाही टांकराबाट!

---

प्रेषक: अविनाश (खजिनदार)
गुरुवार, २३ जून

गॅलनला १८.४ सेंट. हा दर १९९३ चा. पंधरा गॅलनला २ डॉलर ७६ सेंट, तेही पंपवाल्याने सगळे खाली उतरवले तर. रस्त्यांचा निधी याच पैशांतून भरतो. काँग्रेसमध्ये पास होईल असं मला वाटत नाही, दोन्ही पक्षांत लोक नाखूश दिसतात.

सरावाच्या तीन पावत्या आल्या. एका पावतीवर पेट्रोलबरोबर हॉट डॉग आहे. तो वजा केलाय.

---

प्रेषक: रोहिणी
शुक्रवार, २४ जून

संजय, इथला अनुभव सांगते. ज्याची टाकी मोठी त्याला सवलत मोठी. आमच्या गल्लीत दोन टन वजनाची गाडी असलेल्या वकिलाला टाकीमागे वीसेक युरो मिळाले, शेजारणीच्या छोट्या पोलोला त्याहून बरेच कमी. तेच पैसे पहाटेच्या बसवर घातले असते तर तिला गाडीच काढावी लागली नसती. माझं मत आहे, पटलंच पाहिजे असं नाही.

---

प्रेषक: निखिल
बुधवार, २९ जून

आमच्या ऑफिसचा एक सहकारी सुट्टीवर कोलंबोला अडकलाय. कालपासून श्रीलंकेत १० जुलैपर्यंत फक्त अत्यावश्यक सेवांना पेट्रोल-डिझेल. बाकीच्यांना भाव विचारायचीही सोय नाही. तो विमानतळावर कसा जायचा याची चौकशी करतोय.

---

प्रेषक: प्रशांत
बुधवार, २९ जून

आबांचा प्रश्न, विलासकाकांसाठी. कालच्या फेरफटक्यात त्यांनी पंपाची पाटी वाचली. म्हणतात, "इथं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग कसं? आमच्याकडं उलटं असतं."

---

प्रेषक: विलास
गुरुवार, ३० जून

आबासाहेब, बरोबर वाचलंत. या महिन्यात डिझेल इथे सरासरी ५ डॉलर ८० सेंटपर्यंत गेलं होतं. एक तर फेडरल टॅक्स डिझेलवर जास्त, गॅलनला २४.४ सेंट. भारतात शेती आणि ट्रक डोळ्यांपुढे ठेवून डिझेलवर कर कमी ठेवतात, तसं इथे नाही. दुसरं, करोनात इथल्या काही रिफायनऱ्या बंद झाल्या त्या परत उघडल्या नाहीत, आणि युरोप रशियाचं डिझेल टाळायला लागल्यावर इथला माल तिकडेही जातोय.

इथे कारवाल्याला ते जाणवत नाही, कारण कार पेट्रोलवर. पण सगळा माल ट्रकने. ट्रकवाले बिलात 'फ्युएल सरचार्ज' अशी वेगळी ओळ लावतात आणि ती दर आठवड्याच्या सरकारी डिझेलभावाप्रमाणे हलते. आपल्या इंडियन दुकानात भेंडी फ्लोरिडा नाहीतर मेक्सिकोहून येते. दुकानदाराला विचारलं तर त्याने मला ते बिलच काढून दाखवलं.

शनिवारी प्रशांतबरोबर सरावाला या. मी चारला निघतो, वाटेत तुम्हाला घेतो.

विलास