सिसिलीची खाद्यसहल: गटानं जावं की एकट्यानं?

रानजाई: सिसिलीला खास खाण्यासाठी जायचं असेल तर गटानंच जावं, जाणकार वाटाड्या घेऊन. नुसती चव घेऊन ते बेट कळत नाही. अरब फौजा ८२७ मध्ये तिथं उतरल्या, ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती गेलं. ऊस, लिंबू आणि पाटाच्या पाण्यावरच्या बागा त्यांच्या काळात बहरल्या. पुढं नॉर्मन राजे आले, तरी अरब विद्वान दरबारात राहिले. त्यांतल्याच अल-इद्रिसीनं ११५४ च्या भूगोलग्रंथात लिहून ठेवलंय, की पालेर्मोजवळच्या त्राबियात शेवयांसारखा पदार्थ भरपूर बनतो आणि जहाजांनी परदेशी जातो. मार्को पोलो तेव्हा जन्मलाही नव्हता! तरी त्यानं चीनहून पास्ता आणला, ही गोष्ट आपण अजून एकमेकांना सांगतो. त्रापानी शहरात माशांच्या रश्श्याबरोबर कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, वाढतात. तो तिथं कसा पोचला, हे ताटावर बसल्या बसल्या कुणी सांगितलं तर घास वेगळाच लागतो.

तिरफळ: असहमत. इतिहास घरी वाचून जाता येतो, बाजार मात्र घरी वाचता येत नाही. पालेर्मोच्या बल्लारो बाजारातल्या चिंचोळ्या गल्लीत पंचवीस जणांचा घोळका शिरला की मासळीवाला भाव सांगायचं सोडून फोटोसाठी उभा राहतो आणि रोजचं गिऱ्हाईक मागं ताटकळतं. पानेल्ले घ्या. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, पार्सली घालायची, थापून गार करायचं, कापून तळायचं. कढईतून काढलेल्या गरम चकत्या पावात घालून तिथंच उभ्यानं खायच्या. गटाला त्या आधी तळून ठेवलेल्या मिळतात, कारण पुढची बस सुटायची असते.

कढीलिंब: शाकाहारी माणसाची बाजूही बघा. पेकोरिनो सिचिलियानो या चीजसाठी दूध कोकराच्या रेनेटनं, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणासारख्या पदार्थानं, साकळतात. 'मांस नाही ना?' असं विचारलं तर दुकानदार खरेपणानं 'नाही' म्हणेल. हा खुलासा स्वयंपाकघरापर्यंत आधी पोचवायला संयोजकच हवा.

तिरफळ: ताई, त्यासाठी चार ओळींची इटालियन चिठ्ठी पुरते. पंचवीस माणसं नकोत.

ओटीभरण: तिघांनीही पैशाचा मुद्दा सोडला. १९९६ च्या कायद्यामुळं माफियाकडून जप्त झालेल्या जमिनी सहकारी संस्थांना कसायला देता येतात. कोर्लेओनेच्या परिसरात अशा जमिनींवर गहू आणि द्राक्षं पिकतात. पालेर्मोत २००४ पासून 'आदियोपित्सो' ही चळवळ हप्ता न देणाऱ्या दुकानदारांच्या पाठीशी उभी आहे. गटानं जेवायचं ठरवलंच, तर एवढ्या ताटांचा पैसा अशा ठिकाणी जातो का, हे आधी विचारा. एकट्याच्या एका ताटापेक्षा त्याचं वजन जास्त आहे, म्हणून मी गटाच्या बाजूनं.

तिरफळ: हा मुद्दा मला पटतो. पण बहुतेक जाहिरातींत असं काही लिहिलेलं दिसत नाही. तिथं असतं 'अस्सल स्थानिक अनुभव', आणि त्यात एका दिवसात तीन शहरं. ब्रोन्ते गावचे पिस्ते एक वर्षाआड, विषम वर्षीच उतरवतात. सम वर्षी सप्टेंबरमध्ये नेऊन 'पिस्त्यांचा हंगाम' दाखवणार असतील तर नेमकं काय दाखवणार?

रानजाई: मग वाईट संयोजक टाळा, गट कशाला टाळता? मोदिका गावचं चॉकलेट खाताना साखर दाताखाली करकरते. कोकोचं मिश्रण कमी तापमानावर घोटतात, म्हणून साखर विरघळत नाही. ही रीत स्पॅनिश अमलातून आली असं मानतात. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्या तुकड्यालाच 'जुना माल दिला' म्हणून परत ठेवेल.

तिरफळ: परत ठेवला तर दुकानदाराला का ते विचारेल, आणि तोच सांगेल. मला ते संभाषण हवंय. आठ जणांपर्यंतचा गट, एका गावात किमान तीन रात्री, बाजारात सकाळी ज्याला त्याला मोकळं सोडायचं. असा कार्यक्रम कुणी आखत असेल तर मीही नाव देईन.