दर दोघांमागे एकाचे पोट बिघडलेले आहे, हे मोजले कोणी?

टिळकवाडीकर:
काल चिकोडीकरांनी लिहिले की, सीमाभागातील दर दोन प्रौढांमागे एकाला पोटाचा आजार आहे आणि त्याचे मूळ आपल्या ठेच्यात आहे. एका ओळीत याचा समाचार घेता येईना, म्हणून हा धागा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या पाहणीत ७३ हजारांहून अधिक प्रौढांना पचनाच्या अशा तक्रारी विचारल्या गेल्या, ज्यांत तपासणीत काहीही सापडत नाही पण त्रास मात्र खरा असतो. इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांपैकी ४०.३ टक्के लोकांना असा किमान एक विकार निघाला, तर घरी जाऊन विचारलेल्यांपैकी २०.७ टक्के लोकांना. भारतातील पाहणी घरोघरची होती. विचारण्याची रीत बदलताच आजार निम्म्यावर येतो! शिवाय इंटरनेटवरील उत्तरांत सर्वांत मोठा वाटा बद्धकोष्ठाचा होता, ज्याला कोणी पोटाचे दुखणे म्हणून मिरवत नाही. राहिला ठेचा. त्याने जळजळ वाढेल, परंतु अल्सरची मुख्य कारणे दोनच, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. तो जिवाणू ओळखणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. मिरचीवर अजून आरोपपत्रही दाखल झालेले नाही.

निपाणीकर:
माझे औषधांचे दुकान आहे. सकाळी शटर वर गेले की पहिले गिऱ्हाईक पित्ताची गोळी मागते आणि रात्री शेवटचेही तीच मागते. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या, उपाशीपोटी चहा आणि मिसरीवर दुपार काढणाऱ्या बायकांना टक्केवारी ऐकवून पाहा.

टिळकवाडीकर:
औषधांच्या दुकानात दुखणाईतच येणार, साहेब. छत्रीच्या दुकानात बसून पावसाचे मोजमाप करू नये.

खानापुरी:
घरोघरच्या पाहणीचे आपण फार कौतुक केलेत, म्हणून सांगतो. आमच्या गावी कानडी अर्ज घेऊन आलेल्या एका मुलीने माझ्या आईला 'होट्टे उरी' (शब्दशः पोटातली जळजळ) आहे का, असे विचारले. आईला बाजारापुरते कानडी येते आणि बाजारात त्या शब्दाचा अर्थ मत्सर असा होतो. ती ताठ होऊन म्हणाली, "मी कोणावर जळत नाही, बाई." अर्जावर 'नाही' अशी नोंद झाली. हीच माझी आई गेली अकरा वर्षे जेवणानंतर खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिते. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळत नाही, हे आम्ही सातबारापासून सांगत आलो आहोत. आता पोटातली आगसुद्धा आम्ही कानडीत सांगायची काय?

निपाणीकर:
प्रत्येक धागा भाषेवर नेऊन बांधलाच पाहिजे का? मराठीत विचारले असते तर उलटा घोळ झाला असता. आपल्याकडे डोके धरले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, प्रवासात उलटी झाली तरी पित्तच. 'पित्त आहे का?' असे विचारा, अख्खे गाव हात वर करील.

खानापुरी:
मग दुकानदार तरी कुठे वेगळे विचारतात? माझ्या वडिलांना गुडघ्यांसाठी एका दुकानातून दोन वर्षे चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या मिळत होत्या आणि पोट जळू लागल्यावर त्याच दुकानातून पित्ताची गोळीही मिळाली. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले, तेव्हा कारण विचारणारा पहिला माणूस रुग्णालयात भेटला. जठरातून रक्तस्राव होत होता. तुमच्या 'पहिल्या गिऱ्हाइकां'त असे किती आहेत, हे तुम्ही मोजले आहे काय?

निपाणीकर:
तो दुकानदार मी नव्हे. माझ्यावर राग काढू नका.

चिकोडीकर:
मूळ अपराधी मी. टिळकवाडीकरांच्या न्यायालयात ठेच्याची निर्दोष मुक्तता झाली, अभिनंदन. निम्मे हे प्रमाणही मागे घेतो. एका चित्रफितीत ऐकले होते. तरीही पाचांत एक धरले, तर आमच्या घरच्या दहा प्रौढांत दोघे निघतात, आणि ते दोघे रात्री उशाशी दोन उशा घेऊन झोपतात. पाहणी करणाऱ्याने माझ्या घरी केव्हाही यावे, आम्ही दोन्ही भाषांत उत्तर देऊ.

टिळकवाडीकर:
त्रास खोटा आहे, असे मी कोठेच म्हटलेले नाही. मात्र कानडी शब्दाच्या बाबतीत खानापुरींचे म्हणणे मान्य. घरोघरचा आकडा कमी येण्याचे ते एक कारण असू शकते, हे मी गृहीत धरले नव्हते.

निपाणीकर:
खानापुरींचे बोलणे झोंबले, हे खरे. आज पित्ताची गोळी मागणाऱ्या सात जणांना विचारले की, गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी काही घेता का, आणि शौचाचा रंग कसा आहे. दोघे वेदनाशामक घेणारे निघाले, त्यांना गोळी न देता डॉक्टरांकडे पाठवले. तिघे रागावून समोरच्या दुकानात गेले.